अर्जदाराचा स्वभाव

कपची करंगळीच्या दोन पेरांएवढी होती. एका अंगाला अजून पॉलिश, काळपट तांबडं, बोट फिरवलं तर गुळगुळीत. दुसऱ्या अंगाला तुटलेल्या लाकडाचे रेशे आणि त्या रेशांत बसलेली पांढरी पूड, पोलीस ठाण्याच्या भिंतीच्या चुन्याची असावी. औषधाच्या दुकानात सुट्या गोळ्या घालून देतात तसल्या कागदी पाकिटात जागेश्वरने ती जपून ठेवली होती, पाकिटावर तारीख घातली होती, खाली सहीसुद्धा केली होती — स्वतःचीच, कारण दुसरं कोणी करायला तयार नव्हतं — आणि आता विभागीय आयुक्तांच्या कार्यालयातल्या लांबलचक व्हरांड्यात, बाकावर बसून, पाकीट मांडीवर उपडं करून तो तिच्याकडे बघत होता. अकरा महिने... अकरा महिन्यांत आपल्या बंदुकीचं आपल्याजवळ एवढंच राहिलं.

“ते आत ठेवा, भाऊ,” शेजारी बसलेला त्याचा वकील संघपाल म्हणाला. “साहेबांसमोर काढायचं नाही. अन् आवाज वर न्यायचा नाही. तुमची केसच आवाजाची आहे.”

जागेश्वरने कपची पाकिटात घातली. आवाज वर न्यायचा नाही. हे संघपालने गेल्या तिन्ही तारखांना सांगितलं होतं. काल तर फोन करून, ऑक्टोबरचं ऊन आहे, गाडी हाणत येऊ नका, बसने या, डोकं थंड राहतं, असंही बजावलं होतं. आणि जागेश्वर — एकोणीस वर्षं इतवारीतल्या सराफाच्या दारात बारा बोअरची एकनळी घेऊन बसलेला, त्या एकोणीस वर्षांत एकदाही चाप न ओढलेला जागेश्वर धकाते — उमरेड रोडवरून खरोखरच बसने आला होता, खिडकीशी बसून, गुडघ्यावर फाईल ठेवून, सांगितलेलं ऐकणाऱ्या शहाण्या माणसासारखा. थंड राहायचं. का, तर ज्यांनी त्याचं डोकं तापवलं त्यांनीच कागदावर लिहून ठेवलं होतं की ह्याचं डोकं तापतं.

तो कागद त्याला पाठ होता. ‘अर्जदार हा तापट स्वभावाचा इसम असून त्याचे ताब्यात अग्निशस्त्र राहिल्यास सार्वजनिक शांततेस बाधा पोहोचण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ दाढी करताना, जेवताना, दुकानाच्या दारात स्टुलावर बसल्या बसल्या हे वाक्य त्याच्या आत फिरत राहायचं आणि दर फेरीला एकेक शब्द नव्या जागी टोचायचा. आज ‘इसम’ टोचत होता. काल ‘नाकारता येत नाही’. म्हणजे आहे असंही म्हणायचं नाही, नाही असंही म्हणायचं नाही. अशी सोयीची जागा धरून उभं राहायचं की जिथून कोणत्याही माणसाला काहीही म्हणता यावं. आणि अर्जदार कोण? मी कसला अर्ज केला होता? माझी वस्तू माझ्या हातात द्या, दिली होती तशी द्या, एवढंच तर म्हणालो... ठाणेदाराच्या स्वभावाचा दाखला कोण देतो? माझी शक्यता नाकारता येत नाही, मग तुझी कशी रे नाकारता येते...

मूठ आवळली गेली होती. त्याने ती सोडवली, बोटं मांडीवर पसरून ठेवली. समोरच्या बाकावरची एक म्हातारी त्याच्याकडे बघत होती. दिसलं असेल का तिला? दिसतं का असं, चेहऱ्यावर? आरशात तर कधी दिसलं नाही.

गोष्ट साधी होती. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या, निकाल लागला की परत न्यायच्या. दुकानाच्या राखणीवर असलेल्याला सूट मिळते म्हणून सराफाने पत्र दिलं होतं. ठाण्यात ते पत्र कोणी उघडलंच नाही. ठीक आहे. त्याने बंदूक दिली. नळीला तेल देऊन, लाकडी दस्ता फलानीनच्या फडक्यात गुंडाळून, वरून सुतळी बांधून दिली. मुद्देमालाच्या हवालदाराने पावती फाडली, तिच्यावर बंदुकीचा नंबर होता, बंदूक कशी आहे ते नव्हतं. निकालानंतर तो गेला तेव्हा साहेब बंदोबस्तावर. पुन्हा गेला तेव्हा किल्लीवाला रजेवर. तिसऱ्यांदा गेला तेव्हा हवालदाराने ओल धरलेल्या आतल्या खोलीतून, जप्त केलेल्या दारूच्या कॅनखालून ती ओढून काढली. फडकं नव्हतं. नळीवर गंजाचे तांबडे फोड. आणि टेबलावर ठेवताना — ठेवली कुठली, टाकली — दस्त्याला आधीच गेलेल्या तड्यातून ही कपची उडाली आणि त्याच्या चपलेपाशी येऊन पडली.

एवढं पावतीवर लिहून द्या, जी, असं तो म्हणाला होता. हळू म्हणाला होता. दुसऱ्यांदाही हळूच. हे हळू म्हणणं कोणत्याच कागदावर आलं नाही. हवालदार म्हणाला, घेऊन जायची तर जा, नाही तर राहू दे. मग आतून ठाणेदार आला, जागेश्वरपेक्षा वीसेक वर्षांनी लहान, आणि बंदुकीकडे न बघताच म्हणाला, काय तमाशा लावला रे सकाळी सकाळी? — आणि मग आवाज वर गेला. गेला, कोण नाही म्हणतो? खुर्च्यांवरचे लोक उठून उभे राहिले इतका वर गेला, त्याला स्वतःलाच तो लांबून, दुसऱ्या कोणाचा यावा तसा ऐकू आला. काय काय बोललो ते आता नीट आठवत नव्हतं. ‘तुमच्या बापाची आहे का’ हे म्हणालो, तेवढं आठवत होतं. बंदूक पुन्हा आत गेली. पंधरा दिवसांनी नोटीस आली, तीन महिन्यांनी परवाना रद्द झाला. त्याने सहा पानी उत्तर दिलं होतं, हाताने लिहून, समास सोडून. त्या सहा पानांतल्या एका ओळीलाही कोणी उत्तर दिलं नाही.

सराफाने त्याला काढून टाकलं नव्हतं, आणि तेच जास्त लागत होतं. त्याच दारात, त्याच स्टुलावर बसवलं होतं. फक्त हातात बंदुकीऐवजी ते काळं यंत्र, गिऱ्हाइकाच्या अंगावरून फिरवलं की टूं करणारं. ज्या हातगाड्या नळीकडे बघून दोन हात लांबून जायच्या, त्यांची चाकं आता त्याच्या बुटाला घासून जात होती. परवा एका हातगाडीवाल्याने हसून विचारलं होतं, धकातेभाऊ, तोफ कुठी गेली? हसून. आणि जागेश्वरही हसला होता. ते हसणं अजून जबड्यात दुखत होतं.

कुसुमताईंनी — अपिलाच्या फायली त्यांच्या ताब्यात असत — दारातून डोकावून नाव पुकारलं.

आत साहेब मऊ आवाजात बोलणारे होते, चष्मा कपाळावर सरकवून वाचणारे. ठाण्याकडून एक फौजदार फाईल घेऊन आला होता; ठाणेदार स्वतः आला नव्हता, आणि तो आला नाही ह्याचासुद्धा जागेश्वरला राग आला, कारण आठवडाभर त्याने मनातल्या मनात जी भाषणं केली होती ती सगळी त्या एका चेहऱ्यासमोर केली होती. संघपाल चांगलं बोलला. एकोणीस वर्षांत एक गुन्हा नाही, एक तक्रार नाही, शेजाऱ्यापाजाऱ्याशी भांडण नाही. बंदूक ठाण्याच्या ताब्यात असताना खराब झाली, हा माणूस त्याचा जाब विचारायला गेला आणि जाब विचारण्यालाच ह्यांनी स्वभाव ठरवलं. साहेब मान हलवत होते. मग त्यांनी एकदम जागेश्वरकडे बघून विचारलं, तुम्ही ओरडलात का ठाण्यात?

“ओरडलो, साहेब,” जागेश्वर म्हणाला.

आणि पुढचं सगळं त्याने इतक्या हळू सांगितलं की साहेबांना दोनदा पुढे वाकावं लागलं. काठोकाठ भरलेलं भांडं गर्दीतून न्यावं तसा तो स्वतःचा आवाज नेत होता, न हिंदकळता, एकेक शब्द बघून टाकत, आणि आत, बरगड्यांच्या मागे, काहीतरी उकळून झाकण उडवत होतं — गंजलेली बंदूक माझी, फुटलेला दस्ता माझा, आणि हळू बोलायचं मीच... वाकायचं मीच. आपण भीक मागून राहिलो, असं त्याला वाटलं. फौजदार खिडकीबाहेर बघत होता.

साहेबांनी चष्मा खाली घेतला, फाईलची पानं मागे उलटली, एका पानावर थांबले. घरच्यांचा जबाब आहे ह्यात, ते म्हणाले, ह्यांना दाखवला होता का? फौजदार म्हणाला, रिपोर्टात उल्लेख आहे, सर. उल्लेख नाही, जबाब दाखवला का, साहेबांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सांगितलं की आज अपिलकर्त्याला फाईल वाचू द्या, त्यांचं म्हणणं तीन आठवड्यांनी. दहा मिनिटांत सगळे बाहेर होते.

घरच्यांचा. शब्द ऐकला तेव्हा जागेश्वरला काही झालं नाही. घरचे म्हणजे शेजारचे, वस्तीतले, असं काहीतरी ठाण्याच्या भाषेत म्हणत असतील. कुसुमताईंनी आपल्या टेबलाच्या कडेला फाईल उघडून दिली, पान दाखवलं, आणि वाचून झालं की सांगा म्हणून दुसऱ्या कामाला लागल्या.

‘मी नामे सौ. भारती जागेश्वर धकाते, वय ४६ वर्षे, धंदा घरकाम, समक्ष विचारलेवरून सांगते की, मी वरील ठिकाणी पती व मुलगीसह राहत असून...’ ठाण्याची भाषा. त्यात भारती कुठेच नव्हती. हे कोणीही लिहिलं असतं, टेबलावर बसून, आतल्या खोलीत चहा पीत लिहिलं असतं. खोटं आहे, संघपाल, सरळ खोटं आहे, असं म्हणायला त्याने तोंड उघडलंसुद्धा, आणि तेवढ्यात डोळे पुढच्या ओळीवर गेले.

‘ते रागावले का मंग बंदूक काढून पुसत बसतात. काही बोलत नाहीत. आम्ही मायलेकी टीव्ही बंद करून आत जातो. आता बंदूक घरात नाही तर बरं वाटून राहिलं.’

मग पुन्हा ठाण्याची भाषा. ‘पतीने आजपावेतो आम्हांवर हात उचललेला नाही. जबाब वाचून पाहिला, माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.’ आणि सही. भारतीची सही, ‘भा’चा काना नेहमी लांबतो तसा लांबलेला.

त्या तीन-चार ओळी लिहून घेणाऱ्याने साफ का केल्या नाहीत, कोण जाणे. कंटाळला असेल, किंवा त्याला ऐकता ऐकता त्या तशाच्या तशा उतराव्याशा वाटल्या असतील. पण ठाण्यात कोणाला त्या सुचल्या नसत्या. बंदूक पुसत बसतात हे ठाण्याला कुठून ठाऊक? कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या घरात तीन माणसं राहत होती.

खाली जिन्यापाशी टपरीवर संघपालने चहा घेतला आणि तो खूश होता. त्याचं म्हणणं, हे आपल्या हातात आलं ते फार बरं झालं. हात उचलला नाही हे वाक्य ह्यांनी रिपोर्टात दाबून ठेवलं, तो एक मुद्दा. पण ते वाक्य धरलं तर आधीची वाक्यंही धरावी लागतात, म्हणून सरळ रस्ता दुसरा — वहिनींचं प्रतिज्ञापत्र. असा जबाब मी दिलेलाच नाही, कोऱ्या कागदावर सही घेतली, आत काय लिहिलं मला माहीत नाही. कागद तो आत्ताच बाजूच्या दुकानातून टाइप करून देतो. वहिनींची सही झाली की नोटरीकडे त्यांना घेऊन यायचं, पुढच्या तारखेला परवाना हातात. मग त्याने ग्लास खाली ठेवला आणि पहिल्यांदाच जागेश्वरच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं.

“त्या असं म्हणाल्याच नाहीत, बरोबर ना भाऊ? मले तुमच्याकडून ऐकायचं आहे.”

“तसं नाही म्हणाली,” जागेश्वर म्हणाला.

लगेच म्हणाला. श्वास घ्यायलाही थांबला नाही.

बस दिघोरी नाक्यापर्यंत भरलेली होती. त्याला खिडकी मिळाली नाही. दांड्याला धरून, काखेत फाईल दाबून तो उभा होता, आणि आता, आता कोणी आवाज खाली ठेवा म्हणणारं नव्हतं, त्यामुळे आतल्या आत सगळं मोकळं सुटलं. तुले कोणी सांगितलं होतं तोंड उघडायले? दारात पोलीस आला, नवरा कामावर आहे, संध्याकाळी या, एवढं म्हणता येत नव्हतं? अकरा महिने. अकरा महिने हिने डबा दिला, तारखेला निघालो की दारात उभी राहिली, काय झालं म्हणून विचारलं, वकिलाचं नाव विचारलं, आणि एका शब्दाने सांगितलं नाही की ठाण्याच्या फायलीत माझीही सही आहे. मी बाहेर लढून राहिलो अन् हे घरात... ठाणेदार परका होता. परक्याने दस्ता फोडला त्याचं एक वेळ... पण ही? एकोणीस वर्षं त्या बंदुकीवर ह्या घराची चूल पेटली. वडिलांचे माग बंद पडले, वस्तीतल्या निम्म्या कोष्ट्यांची पोरं गवंड्याच्या हाताखाली गेली, तेव्हा मी परवान्यासाठी सहा महिने ऑफिसाचे उंबरठे झिजवले, ते कोणासाठी? आणि हिला बरं वाटून राहिलं! बरं वाटून राहिलं...

कोणीतरी त्याच्याकडे वळून बघितलं. आपण मोठ्याने बोललो की काय?

आणि मग, राग वाहत असतानाच, राग मुळीच कमी न होता, त्याला ते पुसणं दिसायला लागलं. तोच बसलेला. बाहेरच्या खोलीत, चटईवर, समोर जुना पेपर पसरून. नळी उघडायची, काडतूस नाही ते दोनदा बघायचं — नेहमी दोनदा, ह्या बाबतीत त्याने कधी हयगय केली नव्हती — मग गजाला चिंधी लावून आत घालायची, ओढायची, घालायची, ओढायची. तेलाचा वास. दहाव्या-बाराव्या ओढीला छाती हलकी व्हायची. वडील रागावले की हाताला लागेल ते फेकायचे, चुलतभाऊ बायकोला मारायचा, सगळी वस्ती ऐकायची. आपण तसे नाही, आपण एक शब्द न बोलता आपला राग आपल्या हाताने पुसून काढतो, ह्याचा त्याला अभिमान होता. कोणाला कधी सांगितला नव्हता इतका आतला अभिमान. आणि तो चटईवर बसलेला असताना घर कसं शांत असायचं... किती समजूतदार बायको-पोर दिली देवाने, मला शांतता लागते हे न सांगता कळतं त्यांना, असं तो तेव्हा...

प्रणालीला पुण्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती, दोन वर्षांपूर्वी. मुलगी एकटी, अनोळखी गाव. त्याला पटलं नव्हतं. पण तो बोलला नव्हता. ती संध्याकाळ त्याला स्वच्छ आठवत होती, कारण न बोलल्याबद्दल त्याने स्वतःला शाबासकी दिली होती: पोरगी पत्र दाखवत होती, भारती तिच्या बाजूने काहीतरी म्हणाली, आणि तो उठला, कपाटावरून बंदूक काढली, पेपर पसरला. तासभर पुसली. डोकं वर केलं नाही. सकाळी चहा देताना प्रणाली म्हणाली, नाही जात बाबा, इथंच बघते. आणि त्याने इतवारीत सराफाला सांगितलं होतं — पोरगी समजदार आहे, सक्ती करावी लागली नाही, तिनंच ठरवलं.

तिनंच ठरवलं.

नाही. हे चूक आहे. कोणत्याही गोष्टीला मागून असं वाचायला घेतलं तर काहीही निघतं. ठाण्याने तेच केलं, ही फाईलही तेच करते, आणि आता मीही... मी नळी कधी कोणाकडे केली का? कधीच नाही. केली असती तर गोष्ट वेगळी. मी फक्त पुसत होतो. पुसणं गुन्हा आहे? त्याने दांड्यावरची पकड बदलली. गेल्या वर्षात भारती उलटून बोलायला लागली होती — भाजीत मीठ जास्त नाही, तुमचीच जीभ बिघडली. मोठ्या बहिणीकडे दिवाळीला मी जाणार म्हणजे जाणार — आणि त्याने त्याचा सरळ अर्थ लावला होता: बंदूक गेली, माणसाची किंमत गेली, आता घरातलीही मोजत नाहीत. कितीदा वाटलं होतं की बंदूक परत आली की सगळं पहिल्यासारखं होईल. पहिल्यासारखं... हेच शब्द. हेच शब्द तो मनात म्हणाला होता.

बस थांबली. तो उतरला. त्याचा स्टॉप मागे राहिला होता; दहा मिनिटं उलटं चालत यावं लागलं.

भारती दारात सुपात लसूण सोलत बसली होती. उजेड अजून होता. प्रणाली लॅबमधून आली नव्हती. काय झालं जी, तिने विचारलं, आणि तो म्हणाला, तारीख. पाणी प्यायला. पाय धुतले. बसमध्ये जे जे म्हणायचं ठरवलं होतं ते सगळं अजून तिथेच होतं, घशाच्या खाली, क्रमाने लावलेलं; पण आता त्यातलं पहिलं वाक्य उचलायला गेला की त्याला ते ऐकूही यायचं, तिच्या बाजूने, सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाईच्या बाजूने, आणि मग ते वाक्य पुढे सरकत नव्हतं. म्हणून त्याने ते काहीच न म्हणता कागद काढला. वकिलाने दिला, म्हणाला. ठाण्याने तुझ्या नावाने जबाब लिहिला आहे, तो तू दिलाच नाही असं ह्यात आहे, खाली सही पाहिजे, उद्या नोटरीकडे यावं लागेल.

तो तिच्याकडे बघत होता. काहीतरी होईल असं त्याला वाटत होतं; ती दचकेल, रडेल, मी कुठे काय म्हटलं म्हणेल, किंवा म्हणेल की हो, म्हटलं होतं, काय करता करा. त्यातल्या कशालाही त्याच्याजवळ राग तयार होता. भारतीने पदराला हात पुसले, कागद घेतला, उलटून पाठीमागची कोरी बाजू बघितली, पुन्हा सरळ केला.

“कुठी करू सही?”

“वाच तर आधी.”

“तुम्ही वाचलं न जी,” ती म्हणाली. “बस झालं.”

ती आत जाऊन प्रणालीचं पेन घेऊन आली, दिव्याचं बटण दाबलं, कागद पाटावर ठेवला आणि खाली वाकून नखाने जागा शोधायला लागली. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. नवऱ्यासाठी एक सही करायची, त्यात काय, असं नव्हतं. भीती म्हणावी तर तीही नव्हती. किंवा होती, आणि इतकी जुनी, इतकी अंगवळणी पडलेली होती की ती चेहऱ्यावर यायचं कारणच उरलं नव्हतं. कसं ओळखायचं? सत्तावीस वर्षं संसार केलेल्या बाईने सही मायेने केली की भीतीने, हे कोणी ओळखावं? विचारायला हवं. तू म्हणाली होती का तसं? एवढंच विचारायला हवं. त्याने ते आत म्हणून बघितलं. हळू म्हणून बघितलं, आणि ते साहेबांसमोरच्या त्याच्या आवाजासारखं आलं, खोटं, काठोकाठ. सरळ म्हणून बघितलं, आणि ते ठाण्यातल्यासारखं आलं, समक्ष विचारलेवरून. हसून म्हणून बघितलं — तर तो हातगाडीवालाच हसला. मायेने विचारतात ते कोणत्या आवाजात विचारतात? कधी तरी असेलच माझ्याजवळ तो. पोर लहान होती तेव्हा...

पेन कागदाकडे गेलं.

“थांब,” तो म्हणाला.

पेन थांबलं. तिथल्या तिथे थांबलं, टोक कागदापासून तांदळाएवढं वर. भारतीने मान वर केली नाही. तिचे खांदेही हलले नाहीत. ती फक्त थांबली होती, पूर्ण, आणि जागेश्वर आत्ता एका क्षणापूर्वी उच्चारलेला आपलाच शब्द आठवायला लागला — कसा म्हणालो मी तो? मोठ्याने? खेकसलो? की म्हणतात तसा म्हणालो, माणसं माणसांना म्हणतात तसा... कानात काहीच उरलं नव्हतं. आता पुढचा शब्द बोलायला हवा होता. ती त्याचीच वाट बघत होती. आणि त्याला तोंड उघडायची भीती वाटली.